गरजेपोटी आलेला आणि घुसून आलेला

विनापरवाना सीमा ओलांडणाऱ्या माणसाविषयी भारतीय संसदेत गेल्या पाऊणशे वर्षांत जे बोलले गेले, त्याचा इतिहास बऱ्याच अंशी त्या माणसाला मिळालेल्या नावांचा इतिहास आहे. ही नावे दिल्लीत घडली, तरी त्यांचे वजन जोखायला पनवेलसारखे ठिकाण सोयीचे पडते. कारण परवानगीशिवाय येणे, परवानगीशिवाय राहणे आणि परवानगीशिवाय बांधणे या तिन्ही गोष्टी या तालुक्यात शेजारी शेजारी घडल्या, आणि त्या तिन्हींना लोकप्रतिनिधींच्या तोंडून अगदी वेगवेगळी नावे मिळाली.

पनवेल हे मुळातच येणाऱ्याजाणाऱ्यांचे गाव. बोरघाटाचा रस्ता १८३० मध्ये गाड्यांसाठी खुला झाला, तेव्हापासून रेल्वे येईपर्यंत मुंबईहून पुण्याला निघालेला प्रवासी होडीने पनवेलच्या खाडीत उतरे आणि तिथून पुढे घाटाची वाट धरी. गाड्यांची चाके बनवणे हा गावाचा नावाजलेला धंदा झाला तो याच वाहतुकीमुळे. कोकणी मुसलमान, बेने इस्रायली, गुजराती व्यापारी, आगरी आणि कोळी अशी सरमिसळ येथे जुनी आहे. बेने इस्रायलींचे येथील प्रार्थनागृह १८४९ चे आणि नगरपालिका १८५२ ची. पुढे १७ मार्च १९७० रोजी सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवण्यासाठी राज्य सरकारने काढलेले महामंडळ, स्थापन झाले, आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनींवर नवे शहर उभे राहू लागले. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल येथील इमारती बांधणारे हात मराठवाड्यातून, कर्नाटकातून, बिहारमधून आणि बंगालमधून आले. त्यांपैकी कोण कुठल्या कागदावर आला, हे इमारती उभ्या राहीपर्यंत कोणी फारसे विचारले नाही.

कागद विचारण्याची सुरुवात फाळणीने केली. जुलै १९४८ मध्ये पाकिस्तानातून येणाऱ्यांसाठी परवाना सक्तीचा करणारा वटहुकूम निघाला, आणि १९ जुलै १९४८ ही तारीख पुढे थेट राज्यघटनेच्या सहाव्या अनुच्छेदात जाऊन बसली. तिच्या अलीकडे आलेला आणि पलीकडे आलेला यांची नागरिकत्वाची वाट वेगळी झाली. ऑगस्ट १९४९ मध्ये संविधान सभेत या अनुच्छेदांवर चर्चा झाली. मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, एक अपवाद सोडता दुसऱ्या कोणत्याही अनुच्छेदाने मसुदा समितीला एवढी डोकेदुखी दिली नव्हती, अशा अर्थाची कबुली दिली. त्यांना उत्तर देणाऱ्यांत विदर्भाचे डॉ. पंजाबराव देशमुख आघाडीवर होते. भारताचे नागरिकत्व जगात सर्वांत स्वस्त होऊन बसेल, असा त्यांचा आक्षेप होता, आणि दुसऱ्या कोणत्याही देशाचा नागरिक नसलेल्या प्रत्येक हिंदूला व शीखाला, तो कुठेही राहत असला तरी, नागरिकत्वाचा हक्क असावा, अशी दुरुस्ती त्यांनी सुचवली. पाकिस्तानात गेलेल्या आणि पुनर्वसनाच्या परवान्यावर परत आलेल्या माणसाला नागरिक मानणाऱ्या सातव्या अनुच्छेदावर तर सभागृहात फारच कडवट बोलले गेले. नेहरूंनी परवान्याच्या पद्धतीचे समर्थन करून तो अनुच्छेद तारला.

या चर्चेत पुढच्या सगळ्या वादांचे बी आहे, पण शब्द मात्र अजून वेगळे होते. आलेला माणूस तेव्हा ‘निर्वासित’ होता किंवा सरकारी भाषेत ‘विस्थापित’. हे दोन्ही शब्द त्याच्यावर काय ओढवले ते सांगतात. त्याने काय केले, याविषयी त्यांना काही म्हणायचे नसते. कल्याणजवळच्या युद्धकाळातील लष्करी छावण्यांत सिंधी निर्वासितांना जागा देण्यात आली आणि १९४९ मध्ये त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. तेथील पत्ते आजही ‘कॅम्प नंबर चार’ असेच सांगितले जातात. आसामातून स्थलांतरितांना बाहेर घालवण्याचा अधिकार सरकारला देणारा कायदा संसदेने १९५० मध्ये केला, तेव्हाही त्यात एक सवलत ठेवली होती: पाकिस्तानातील दंगली किंवा दंगलीची भीती यांमुळे घरदार सोडून आलेल्याला तो लागू नव्हता. येण्याचे कारण विचारणे कायद्याला तोवर अनावश्यक वाटत नव्हते. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसे आली, त्या वर्षी १५ नोव्हेंबरपासून पत्रावर पाच पैशांचे ‘निर्वासित साहाय्य’ तिकीट लावणे भाग पडले, आणि पनवेलहून पुण्याला पाठवलेल्या साध्या पाकिटानेही त्या माणसांचा भार उचलला.

‘घुसखोर’ हा शब्द दोन वाटांनी आला. १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात आसामात पाकिस्तानी घुसखोरी रोखण्याची पोलिसी योजना सुरू झाली. आणि १९६५ च्या ऑगस्टमध्ये काश्मीरमध्ये शस्त्रे घेऊन उतरलेल्या पाकिस्तानी सैनिकांनाही तेच नाव मिळाले. कामाच्या शोधात शेताचा बांध ओलांडून आलेला मजूर आणि हातात बंदूक घेऊन आलेला सैनिक अशा रीतीने एकाच शब्दात बसले. मराठीत तर हा शब्द आणखी काही करतो. ‘-खोर’ हा फारसी प्रत्यय लाचखोर, नफेखोर, भांडखोर, चुगलखोर अशा शब्दांत येतो आणि तो एका कृत्याबद्दल बोलत नाही, स्वभावाबद्दल बोलतो. एकदा भांडलेल्याला कोणी भांडखोर म्हणत नाही. त्यामुळे घुसखोर म्हणजे एकदा सीमा ओलांडून आलेला माणूस नव्हे. ज्याचा पिंडच घुसण्याचा आहे, तो घुसखोर. लोकसभेच्या कार्यपद्धतीचा ३८० वा नियम बदनामीकारक, अशिष्ट किंवा असंसदीय शब्द कामकाजातून काढून टाकण्याचा अधिकार अध्यक्षांना देतो, आणि त्याच्या धाकाने सभासद एकमेकांना ‘खोटे बोलता’ म्हणण्याऐवजी ‘असत्य बोलता’ म्हणतात. पण ज्याला सभागृहात उठून उत्तर देता येत नाही त्याच्याविषयीच्या शब्दाला ही शिष्टाई लागू पडत नाही.

नावाच्या जोडीला आकडा आला. गृहमंत्री इंद्रजित गुप्त यांनी १९९७ मध्ये देशात सुमारे एक कोटी बेकायदा स्थलांतरित असल्याचे संसदेत सांगितले. गृहराज्यमंत्री श्रीप्रकाश जयस्वाल यांनी १४ जुलै २००४ रोजी राज्यसभेत हाच आकडा १,२०,५३,९५० असा दिला. त्यात पश्चिम बंगालच्या वाट्याला ५७ लाख आणि आसामच्या वाट्याला ५० लाख होते. चोरून येणाऱ्यांची मोजणी शेवटच्या पन्नासापर्यंत नेमकी कशी झाली, असा प्रश्न पडायच्या आतच आसामातून ओरड झाली आणि काही दिवसांत मंत्र्यांना तो आकडा ऐकीव माहितीवर आधारलेला असल्याचे सांगावे लागले. नोव्हेंबर २०१६ मध्ये किरेन रिजिजू यांनी राज्यसभेत दोन कोटींचा अंदाज दिला. याच काळात तारांकित आणि अतारांकित प्रश्नांना (पहिल्या प्रकाराला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात, दुसऱ्याचे लेखी उत्तर पटलावर ठेवले जाते) गृहमंत्रालयाचे ठरावीक उत्तर असे, की असे लोक लपूनछपून येत असल्यामुळे त्यांची अचूक संख्या उपलब्ध नाही. दोन्ही विधाने एकाच मंत्रालयाची, आणि त्यांचा मेळ घालण्याची तसदी कोणत्याही पक्षाने घेतली नाही, कारण प्रत्येकाला कधी ना कधी आकडा हवा होता आणि कधी ना कधी तो नको होता.

महाराष्ट्राचा या वादाशी थेट संबंध १९९८ च्या जुलैमध्ये आला. राज्यात तेव्हा शिवसेना-भाजप युतीचे सरकार होते. मुंबई पोलिसांनी बांगलादेशी ठरवलेल्या काही जणांना हद्दपारीसाठी रेल्वेने पश्चिम बंगालकडे नेले जात असताना उलुबेरिया स्थानकात जमावाने गाडी अडवून त्यांना सोडवले. यांत जरीकाम करणारे कारागीर होते आणि आपण बंगालचेच असल्याचे त्यांचे म्हणणे होते. प्रकरण लोकसभेत गेले, तेव्हा एका बाजूला घुसखोर होता आणि दुसऱ्या बाजूला बंगाली बोलणारा भारतीय. दोघे एकच माणूस असू शकतात की नाहीत, हे ठरवायला सभागृहाकडे काही साधन नव्हते. साधन होते ते १९४६ च्या परदेशी नागरिक कायद्यात, आणि त्याच्या नवव्या कलमाने नेहमीचा न्याय उलटा केला होता: आपण परदेशी नाही, हे सिद्ध करण्याचा भार ज्याच्यावर संशय आहे त्याच्यावरच. कळंबोली किंवा कामोठ्याच्या मजूर नाक्यावर पहाटे थापी आणि ओळंबा घेऊन उभ्या असलेल्या गवंड्याच्या दृष्टीने पाहिले, तर या कलमाचा अर्थ लगेच समजतो. रेशनकार्ड गावाकडे बापाच्या नावावर, शाळा चौथीत सुटलेली म्हणून दाखला काढलेलाच नाही, जन्म घरी झाला म्हणून नोंद नाही, आणि आधार कार्ड दाखवले तर ते नागरिकत्वाचा पुरावा नव्हे, असे उत्तर. मुर्शिदाबादचा आणि सीमेपलीकडच्या राजशाहीचा माणूस बोलीवरून ओळखू म्हणणाऱ्या शिपायाला ती बोली यायला हवी, ही अडचण निराळीच.

पनवेलचे नाव विधिमंडळाच्या नोंदींत ठळकपणे आले ते २००५ मध्ये, आणि तेही दुसऱ्याच विषयाच्या निमित्ताने. शेतकरी कामगार पक्षाचे पनवेलचे आमदार विवेक पाटील यांनी ३० मार्च २००५ रोजी विधानसभेत डान्स बारविषयी लक्षवेधी सूचना मांडली. लक्षवेधी म्हणजे तातडीच्या सार्वजनिक प्रश्नाकडे मंत्र्याचे लक्ष वेधणारी सूचना. मंत्री निवेदन करतात, सूचना मांडणारा आणि इतर काही सभासद उपप्रश्न विचारतात, मतदान होत नाही. मुंबई-पुणे महामार्गावर आणि पनवेलच्या आसपास बार फोफावले होते, जमिनीच्या मोबदल्याचा पैसा तिथे उधळला जातो आणि घरे उद्ध्वस्त होतात, ही तालुक्यातली तक्रार खरी होती. गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी उत्तरात बंदीची घोषणा केली, आधी मुंबईबाहेर आणि नंतर राज्यभर. २१ जुलै २००५ रोजी विधानसभेने पोलीस कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक एकमताने मंजूर केले. या काही महिन्यांत बंदीच्या बाजूने जी कारणे दिली गेली, त्यांत एक असे होते की बारमध्ये नाचणाऱ्या स्त्रियांत बांगलादेशींचा भरणा आहे आणि त्यामुळे देशाच्या सुरक्षिततेला धोका आहे. कुटुंब मोडते ही तक्रार अशा रीतीने सीमा मोडते या तक्रारीला जोडली गेली, आणि पहिलीबद्दल ज्याला शंका असेल त्यालाही दुसरीपुढे बोलायला जागा उरली नाही. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या स्त्री-अभ्यास केंद्राने स्त्री-संघटनांबरोबर बारमधील ५०० स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा चित्र वेगळे निघाले: या स्त्रिया मुख्यतः देशातल्याच निरनिराळ्या राज्यांतून आलेल्या होत्या आणि त्यांत नाचगाण्याचा परंपरागत व्यवसाय असलेल्या जमातींच्या अनेक जणी होत्या. मुंबई उच्च न्यायालयाने १२ एप्रिल २००६ रोजी बंदी रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने १६ जुलै २०१३ रोजी तो निकाल कायम ठेवला. सुमारे ७५ हजार स्त्रियांचा रोजगार गेल्याचा मुद्दा त्या सुनावणीत मांडला गेला होता.

२००५ चा तो उन्हाळा आणि पावसाळा एकत्र वाचण्यासारखा आहे. विधानसभेने विधेयक मंजूर करण्याच्या नऊच दिवस आधी, १२ जुलैला, सर्वोच्च न्यायालयाने आसामपुरता असलेला १९८३ चा कायदा घटनाबाह्य ठरवला होता. त्या कायद्यात परदेशी असल्याचे सिद्ध करण्याचा भार आरोप करणाऱ्यावर होता, आणि निकालपत्राने मोठ्या प्रमाणातील बेकायदा स्थलांतराला बाह्य आक्रमणाच्या पंगतीला बसवले. त्यानंतर ४ ऑगस्टला लोकसभेत बंगालमधील घुसखोरीवर बोलू दिले जात नाही म्हणून ममता बॅनर्जी यांनी उपाध्यक्षांच्या आसनाच्या दिशेने कागद भिरकावले. पुढे नागरिकत्व दुरुस्ती कायद्याला सर्वांत कडवा विरोध करणाऱ्यांत त्याच होत्या. यावरून त्यांच्यावर दुटप्पीपणाचा आरोप होतो, पण भूमिका बदलणाऱ्यांत त्या एकट्या नाहीत. विरोधी पक्षनेते असताना डॉ. मनमोहन सिंग यांनी डिसेंबर २००३ मध्ये राज्यसभेत बांगलादेशातून छळामुळे आलेल्यांबाबत उदार धोरणाची मागणी केली होती, आणि शिवसेनेने ९ डिसेंबर २०१९ रोजी लोकसभेत नागरिकत्व दुरुस्ती विधेयकाच्या बाजूने मत दिले व दोनच दिवसांनी राज्यसभेत मतदानावेळी सभात्याग केला. त्या विधेयकाच्या चर्चेत अमित शहा यांनी ‘शरणार्थी’ आणि ‘घुसपैठिया’ यांत रेघ ओढली. येण्याचे कारण विचारण्याची १९५० ची रीत त्या निमित्ताने परत आली, पण आता कारणाऐवजी धर्म विचारला जाणार होता. पंजाबराव देशमुखांची नापास झालेली दुरुस्ती या वळणाने, बऱ्याच बदललेल्या रूपात, कायद्याच्या जवळ पोचली असे म्हटले तर ते चुकीचे ठरू नये.

या शब्दांशेजारी पनवेलचाच दुसरा शब्द ठेवून पाहिला पाहिजे. सिडकोने जमिनी घेतल्या, पण गावठाणे, म्हणजे गावातील राहत्या घरांची मूळ हद्द, वाढवली नाहीत. मोबदला वाजवी मिळावा आणि विकसित जमिनीत वाटा मिळावा म्हणून जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झाले, १६ आणि १७ तारखेला उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले, आणि त्यातून साडेबारा टक्के भूखंडाची योजना आली. दि. बा. पनवेलचे पाच वेळा आमदार आणि कुलाब्याचे दोनदा खासदार होते. दरम्यान घरातले मुलगे वाढले, लग्ने झाली, आणि गावठाणाबाहेर, कागदोपत्री सिडकोच्या जमिनीवर, घरे उभी राहिली. कायद्याच्या भाषेत ती अतिक्रमणे होती. पण गावकरी, त्यांचे पक्ष आणि त्यांचे आमदार ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ असे वर्षानुवर्षे म्हणत राहिले, आणि हा शब्द हळूहळू मोर्च्याच्या फलकावरून विधानसभेत आणि तेथून शासननिर्णयांत शिरला. आज सरकारच ‘गरजेपोटी केलेली बांधकामे’ नियमित करण्याची भाषा करते. कृत्य बेकायदा राहिले, नाव मात्र कारणावरून पडले. ते का पडले, हे उघड आहे: त्या घरांत मतदार राहतात. बांगलादेशातून किंवा बंगालमधून त्याच घरांच्या भिंती बांधायला आलेल्या माणसाचे कारणही गरज हेच, पण ‘गरजेपोटी आलेला’ असा शब्द कोणत्याही सभागृहात कधी रुळला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९७५ मध्येच सर्व अधिकृत कागदपत्रांत अशा कामगारांना ‘बिगर-कागदपत्री’ किंवा ‘अनियमित’ म्हणावे असा ठराव केला होता. भारताच्या नागरिकत्व कायद्यात मात्र २००३ च्या दुरुस्तीने ‘अवैध स्थलांतरित’ अशी व्याख्या आली आणि चर्चेत तीही औपचारिकच राहिली.

दिशा बदलली की शब्द बदलतो, याचा दाखला परदेशातही आहे. केनियातून येणाऱ्या भारतीय वंशाच्या ब्रिटिश पारपत्रधारकांना रोखण्यासाठी ब्रिटिश संसदेने १९६८ मध्ये अवघ्या तीन दिवसांत कायदा केला. आणि ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेचे लष्करी विमान १०४ भारतीयांना हातापायांत बेड्या घालून अमृतसरला घेऊन आले, तेव्हा त्यांत गुजरात, हरियाणा आणि पंजाबचे लोक बहुसंख्य होते व महाराष्ट्रातले तिघे होते. दुसऱ्या दिवशी परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी राज्यसभेत निवेदन केले: अशी हद्दपारी नवी नाही, २००९ पासून दर वर्षी होत आली आहे, आणि भर असायला हवा तो लोकांना बेकायदा मार्गाने पाठवणाऱ्या एजंटांवरील कारवाईवर. विरोधकांचा सगळा रोख बेड्यांवर होता. त्या चर्चेत ही माणसे तरुण होती, फसवली गेलेली होती, कर्ज काढून गेलेली होती. दोन्हीकडच्या सभासदांपैकी कोणालाही त्यांच्यासाठी घुसखोर हा शब्द सुचला नाही, आणि तो न सुचणे अगदी स्वाभाविक होते.

पुढच्याच महिन्यात, २७ मार्च २०२५ रोजी, लोकसभेने इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक विधेयक मंजूर केले, आणि चर्चेला उत्तर देताना देश ही धर्मशाळा नाही, असे गृहमंत्र्यांनी बजावले. धर्मशाळा हा शब्द पनवेलसारख्या वाटेवरच्या गावाला परका नाही: घाट चढण्याआधी रात्र काढायची, सकाळी पुढे जायचे, आणि नाव-गाव कोणी विचारायचे नाही. नव्या कायद्याने १९२०, १९३९ आणि १९४६ चे जुने कायदे तसेच विमान कंपन्यांच्या जबाबदारीचा २००० चा कायदा गुंडाळला आणि तो १ सप्टेंबर २०२५ पासून अमलात आला. परदेशी नसल्याचे सिद्ध करण्याचा भार मात्र होता तिथेच राहिला. त्यानंतर सव्वा महिन्याने, ८ ऑक्टोबरला, कोल्ही-कोपर, चिंचपाडा, तरघर, कोंबडभुजे अशी गावे हलवून मोकळ्या केलेल्या जमिनीवर नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले. त्याला दि. बा. पाटलांचे नाव द्यावे असा ठराव राज्याच्या विधिमंडळाने २०२२ मध्येच केला होता. परदेशातून विमाने उतरू लागली, की पारपत्र तपासणारा चौकोनी काचेचा कक्ष पनवेलच्या हद्दीत प्रथमच असेल, त्यातला अधिकारी या नव्या कायद्याखाली काम करील, आणि जवळच्याच पुष्पकनगरात हलवलेल्या गावांतली माणसे नव्याने घरे बांधत असतील.